चहा न पिणारा अध्यक्ष

"ऐकू येतं गं त्यांना. सोयीचं असलं की बरोबर येतं." काकांविषयीचं काकूंचं हे निदान आमच्या लखनौच्या आलमबागेतल्या गल्लीत इतकं पक्कं होतं, की काका बोलायला लागले तरी लोक मान हलवून काकूंकडे बघायचे. परवा काकांच्या कानाची तपासणी झाली, कागद हातात आला आणि निदान उलटलं.

काकू भिंतीच्या कठड्यावर ताट ठेवून निमोना करायला मटार सोलत होत्या. जानेवारीचं ऊन, वर मटार, म्हणजे तासाभराची निश्चिती. त्यांनी तो कागद माझ्यापुढे असा धरला, जशी काही मी कानाची डॉक्टरच आहे. मी आपली बारावीला फिजिक्स शिकवून रिटायर झालेली बाई.

"ही रेघ बघ. डावीकडे बरी आहे, उजवीकडे धाडकन खाली. म्हणजे यांचा उजवा कान गेला ना?"

"नाही हो काकू. ते डावे-उजवे कान नव्हेत. उजव्या कानाला लाल गोल काढतात, डाव्याला निळी फुली. कागदाच्या डावीकडे जाडे आवाज आणि उजवीकडे बारीक. तुम्ही भातखंड्यांच्या कॉलेजात गाणं शिकलात ना? मग असं समजा, की मंद्र सप्तक शाबूत आहे आणि तार सप्तकाच्याही वरचं सगळं गेलंय."

"मग माझा आवाज?"

"तो पोचतो. पण कळत नाही. अ, आ, ओ हे स्वर जाडे आणि दमदार, ते पोचतात. स, श, च, फ हे बारीक आणि हलके, ते वाटेतच गळतात. तुम्ही 'चहा' म्हणता, त्यांना 'अहा' ऐकू येतं. आणि ओरडून काही होत नाही, ओरडलं की स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजनं जिथल्या तिथं."

काकूंचा हात थांबला. "म्हणजे मी उगाचच ओरडले की काय इतके दिवस?" आणि लगेच सावरून, "पण तेही काही कमी नाहीत हं."

मग मी म्हटलं, की हे सगळं मोजून काढणाऱ्या माणसाची गोष्ट सांगते. काकूंना माणसांच्या गोष्टी लागतात. नुसतं विज्ञान त्यांना बडीशेपेसारखं, जेवणानंतर जमलं तर. माणसाचं नाव हार्वे फ्लेचर. १८८४चा जन्म, अमेरिकेतल्या युटा राज्यातलं प्रोव्हो गाव. पहिल्यांदा फिजिक्स घेतलं तेव्हा चक्क नापास झाला होता, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायची, पालकांना ती आवडायची नाही. पुढे टेलिफोन कंपनीत लागला, जिची संशोधन शाखा नंतर बेल लॅब्स म्हणून नावाजली. कंपनीला प्रश्न पडला होता पैशाचा: तारेतून माणसाचा आवाज किती कमी पाठवला, तरी पलीकडच्याला बोलणं कळेल? तर ह्यानं काय केलं, एका माणसाला तारेच्या ह्या टोकाला बसवून अर्थ नसलेली अक्षरं बोलायला लावली, दुसऱ्या टोकाला ऐकणाऱ्यांना ती लिहून घ्यायला लावली. बारीक आवाज कापले की काय चुकतं, जाडे कापले की काय चुकतं, सगळ्याचा हिशोब. काकांच्या डोक्यात जे होतं, ते ह्यानं शंभर वर्षांपूर्वी तारेवर करून बघितलं. १९२९ साली त्यावर पुस्तक लिहिलं.

"आणि हा कागद?"

"कागद एकट्याचा नाही. न्यूयॉर्कचे कानाचे डॉक्टर फाउलर आणि कंपनीतला वेगेल ह्यांचंही नाव घ्यायला हवं. पण कान तपासायची यंत्रं बनवण्यात हा होताच. शाळेतल्या मुलांसाठी तर भारी युक्ती काढली होती. एकदम चाळीस मुलांच्या कानाला टेलिफोनचे रिसीव्हर लावायचे आणि तबकडी वाजवायची. तबकडीवर कुणीतरी आकडे बोलतंय, प्रत्येक वेळी आवाज आणखी हळू. ऐकू येतील तेवढे मुलांनी लिहायचे."

"मी शेजारणीचं बघून लिहिलं असतं."

"एडिसनला कानाचं यंत्र बनवून दिलं होतं ह्यानं."

"बल्बवाला?"

"बल्बवाला, आणि ग्रामोफोनची सुरुवात करणारा. त्यालाच ऐकू यायचं नाही."

हे काकूंना फार आवडलं. मग आला तो प्रश्न, जो आलमबागेत कुठल्याही माणसाविषयी तिसऱ्या वाक्याला येतो. "कोण म्हणायचे ते? ख्रिश्चन?"

"मॉर्मन."

"ते चार-चार बायका करणारे?"

करायचे, एके काळी, सगळे नव्हे, पण पुढारी मंडळी करायची. १८९०मध्ये चर्चनं ते अधिकृतपणे सोडलं. फ्लेचर तेव्हा सहा वर्षांचा. ह्याची एका वेळी एकच; ह्या गोष्टीतली बायको लोरेना. ह्या पंथाची सुरुवात १८३०ची, न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथनं केलेली. पुढे छळ झाला, स्मिथला जमावानं मारलं, आणि ब्रिगम यंगच्या मागे लोक बैलगाड्या घेऊन १८४७ साली युटाच्या ओसाड खोऱ्यात जाऊन राहिले. बाकीच्या ख्रिश्चनांशी त्यांचं फारसं जमत नाही, का ते सांगायला बसले तर मटार वाळतील.

काकूंना मुद्द्याचंच हवं होतं. "खाणं-पिणं?"

"दारू नाही, तंबाखू नाही. कॉफी नाही. चहासुद्धा नाही."

"हाय राम." काकूंचं माहेर कानपूरजवळचं बिठूर, पेशव्यांच्या मागे आलेल्या घराण्यातलं. त्यांच्या मराठीत अशा जागी हिंदीच येते. "आलेला माणूस दारात उभा, आणि त्याला विचारायचं काय मग?"

"पाणी. आणि महिन्यातून एका रविवारी तेही नाही. दोन वेळचं जेवण सोडायचं आणि त्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी द्यायचे."

"आपली एकादशी उलटी गं. साबुदाणा, शेंगदाणे, वऱ्याचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू. उपासाच्या दिवशी माझा खर्च दुप्पट."

"शिवाय मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला."

"तो त्यांच्या भटजीच्या घरात जात असणार."

इथे खरी मजा आहे, आणि मला ती सांगायचीच होती. गावपातळीवर त्यांच्यात पगारी भटजी नसतोच. दाताचा डॉक्टर, शाळामास्तर, इंजिनिअर, ज्याला बोलावणं येईल त्यानं काही वर्षं मंडळी सांभाळायची, नोकरी सांभाळून, फुकट. कुणाच्या घरी मयत, कुणाचा पोरगा वाया चाललाय, कुणाची नोकरी गेली, सगळं त्याच्या दारात. मुदत संपली की तो परत मागच्या बाकावर, दुसरा पुढे. फ्लेचर न्यूयॉर्कमधल्या मॉर्मन मंडळींचा असा म्होरक्या होता. तिथे अशा बऱ्याच मंडळ्या मिळून एक 'स्टेक' होतो. १९३६ ते १९४१ तो न्यूयॉर्क स्टेकचा अध्यक्ष. आणि त्याच काळात बेल लॅब्समध्ये अख्ख्या भौतिकी संशोधनाचा प्रमुख.

"म्हणजे आपल्या मंडळाचे अध्यक्ष," काकू म्हणाल्या. "दिवसभर आरडीएसओत रेल्वेच्या डब्यांच्या चाकांचं डिझाइन, आणि संध्याकाळी गणपतीच्या मांडवात नारळ मोजायचे."

"तसंच. फक्त निवडणूक नाही. नाव वरून येतं, आणि सभेत सगळ्यांनी हात वर करून पाठिंबा द्यायचा."

"आपल्याकडे हात वर करा म्हटलं, तर अर्धे आक्षेप घ्यायला करतील." मटाराची एक शेंग दातानं फोडत त्या म्हणाल्या, "आणि बायका? बायका होतात अध्यक्ष?"

नाही. तिथे गाडी अडते. स्टेकचं अध्यक्षपद पौरोहित्याला जोडलेलं, आणि ते पुरुषांनाच. इतकंच नाही, १९७८पर्यंत काळ्या पुरुषांनासुद्धा ते मिळत नव्हतं. फ्लेचर आयुष्यभर त्याच चर्चमध्ये राहिला, त्याच्यासाठी धड्यांचं पुस्तक लिहिलं. चांगल्या माणसाच्या गोष्टीत हे सांगू नये असं काहींना वाटतं. मला वाटतं, सांगावं.

"म्हणजे बायकांनी मटार सोलायचे," काकू म्हणाल्या, आणि सोलत राहिल्या.

हे लोक पुण्यातसुद्धा येऊन गेलेत, हे सांगितल्यावर काकूंचा विश्वास बसेना. ह्यू फिंडली नावाचा स्कॉटिश माणूस १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुण्याला गेला. छावणीवाल्या साहेबांनी त्याला छावणीत ठेवून घेतलं नाही, म्हणून छावणी आणि गाव यांच्या मधे कुठंतरी राहायचा, मराठी शिकायचा, पुण्याच्या शास्त्र्यांशी वाद घालायचा. मराठ्यांना उद्देशून १८५५ साली मुंबईत एक पुस्तिकाही छापली. पुण्याच्या लोकांना वादात हरवायला निघालेला माणूस म्हटल्यावर निकाल काय लागला, ते काकूंनी विचारलंही नाही.

त्यांना आता वेगळीच शंका आली होती. "इतका हुशार होता, तर नोबेल-बिबेल मिळालं असेल ना?"

ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होते. खोटं कशाला बोलू, सगळी गोष्ट मी ह्याच्यासाठी लावली होती.

मी बावीस-तेवीस वर्षं बारावीच्या पोरांना मिलिकनचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग शिकवत आले. तेलाचे बारीक थेंब हवेत सोडायचे, वर-खाली विजेच्या दोन पट्ट्या, आणि थेंब पडताना, अडकताना, वर चढताना बघून इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजायचा. मिलिकनला ह्याच कामासाठी आणि प्रकाशविद्युत परिणामावरच्या कामासाठी १९२३ चं नोबेल. पुस्तकात एक परिच्छेद, एक आकृती, परीक्षेत पाच मार्क. फ्लेचरचं नाव त्या पानावर कुठेच नाही.

झालं असं. १९०९च्या अखेरीस फ्लेचर शिकागोला मिलिकनकडे पीएचडीचा विषय मागायला गेला. तिथे पाण्याच्या थेंबांवर काम चाललं होतं आणि थेंब बघता बघता उडून जायचे. न उडणारं काहीतरी हवं होतं. हा गेला बाजारात, औषधाच्या दुकानातून अत्तर फवारायची पिचकारी आणली, घड्याळात घालायचं तेल आणलं, जुजबी मांडणी केली आणि दुर्बिणीतून बघितलं. उजेडात तेलाचे थेंब ताऱ्यांसारखे रंगीबेरंगी चमकत, नाचत होते. हे त्याचंच वर्णन. मिलिकननं बघितलं आणि तोही हरखला. मग दोघांनी मिळून महिनोन्महिने काम केलं.

"अत्तराची पिचकारी," काकू म्हणाल्या. लखनौच्या माणसाला अत्तर कुठेही सापडतं.

"आता ऐका. १९१० चा जून. फ्लेचरच्या घरी महिन्याभराची मुलगी, आणि तिला सांभाळत तो घरी बसलेला. दारात मिलिकन. गुरू शिष्याच्या घरी आलेला! आणि आला कशाला, तर सांगायला, की लेखाचा पीएचडीसाठी उपयोग करायचा, तर त्यावर एकट्याचंच नाव हवं. आपल्याला पाचेक लेख लिहायचेत, तर असं करू, ब्राउनियन हालचालीवरचा, म्हणजे थेंबांच्या त्या नाचावरचा, लेख तुझ्या एकट्याच्या नावावर, आणि विद्युतभाराचा पहिला लेख माझ्या एकट्याच्या."

काकूंनी ताट बाजूला सारलं. "मोठा कोणता?"

"विद्युतभाराचा. नोबेलचा."

"आणि हा हो म्हणाला?"

"हो म्हणाला. वाईट वाटलं, असं त्यानंच लिहून ठेवलंय. पण मिलिकनचे उपकारही होते. शिकागोनं त्याचं युटातलं शिक्षण धरायला नकार दिला होता, म्हणत होते पुन्हा चार वर्षं कॉलेज कर. मिलिकननं वाट काढून दिली. शिवाय घरात तान्ही पोर. १९११ साली पीएचडी घेतली आणि प्रोव्होला जाऊन शिकवायला लागला."

"मूर्ख," काकूंनी निकाल दिला.

"मूर्ख कसा? टेलिफोन कंपनी दर वर्षी चिठ्ठी पाठवून बोलवायची त्याला. पाच वर्षं नाही म्हणाला, १९१६ ला गेला. मग पुढचं सगळं त्याचं स्वतःचं. १९२९ साली अमेरिकेत ध्वनिशास्त्राची संस्था निघाली, तिचा पहिला अध्यक्ष हा. १९३३ साली मन्सन नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यानं कानाच्या आवडी-निवडीच्या रेषा काढल्या, आवाज लहान असला की कान जाड्या सुरांना बहिरा होतो हे त्यातलं. आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ना, ते ह्या रेषांच्या जोरावर."

ते बटण काकूंकडच्या डेकवर अजून आहे. कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं, दाबलं की बरं वाटायचं एवढंच.

आणि स्टिरिओ. बड्या इमामबाड्यात गाइड आपल्याला त्या अवाढव्य दालनाच्या सज्जात एका टोकाला उभं करतो, पलीकडच्या टोकाला कागद फाडतो आणि फाटल्याचा आवाज कानाशी येतो. पन्नासेक मीटर लांबीचं, तुळईशिवाय उभं असलेलं दालन, आसफउद्दौलानं १७८४ च्या दुष्काळात बांधायला घेतलेलं. तिथे सगळं भिंतींनी केलं. ह्यानं तारेनं केलं: २७ एप्रिल १९३३ ला वाद्यवृंद वाजवत होता फिलाडेल्फियात, आणि श्रोते बसले होते वॉशिंग्टनच्या सभागृहात, रिकाम्या मंचासमोर. तीन मायक्रोफोन, तीन तारा, तीन स्पीकर. संगीताआधी गंमत म्हणून मंचाच्या एका बाजूनं सुतार खोकं ठोकतोय असं ऐकवलं, दुसऱ्या बाजूनं त्याचा जोडीदार त्याच्याशी बोलतोय. गाणारी बाई मंचावर इकडून तिकडे चालत गाते आहे, आणि मंचावर कुणीच नाही.

"भुताटकी."

"लोकांनाही तसंच वाटलं असेल."

मुलाची गोष्ट मी थोडक्यात आटपली, कारण काकू पुन्हा पुन्हा मिलिकनकडेच वळत होत्या. मुलगा जेम्स १९७१ ते १९७७ नासाचा प्रमुख होता. त्याच काळात, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, नासाचा एटीएस-६ उपग्रह भारताला उसना मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही लागला. करार आधीचाच, विक्रम साराभाईंनी १९६९ ला केलेला. इकडून तो प्रयोग चालवणारे एकनाथ वसंत चिटणीस, मूळचे कोल्हापूरचे.

"आपल्या यूपीत लागला?"

"नाही. बिहारमध्ये लागला."

"बघा." ह्या 'बघा'चा अर्थ लखनौतल्या माणसालाच कळावा.

"पण मग ते बाहेर कसं आलं?" काकू मूळ पदावर. "नोबेलचं?"

"मिलिकन १९५३ला गेला. फ्लेचर त्यानंतरही जगला, म्हाताऱ्या वयात प्रोव्होला परतून इंजिनिअरिंगचं कॉलेज उभारलं, पियानोचे सूर मोजत बसला. त्यानं सगळी हकिगत लिहून एका मित्राकडे ठेवली, माझ्या मागे छापा म्हणून. १९८१ मध्ये गेला, ९६ वर्षांचा होऊन. १९८२ च्या जूनमध्ये फिजिक्सच्या मासिकात ती छापून आली. त्यात मिलिकनला शिव्या नाहीत. झालं ते असं, एवढंच."

"बहात्तर वर्षं!" काकूंना हिशोब झटकन येतो. "पोटात ठेवलं?"

"तुम्ही मूर्ख म्हणालात त्याला. मला नाही वाटत. शब्द दिला, पाळला. पण मरायच्या आधी खरं लिहूनही ठेवलं, कारण खरं बुडू देणं हेही त्याला पटलं नसणार. चर्चमध्ये इतरांची गुपितं सांभाळून सवय झाली असेल."

"त्यात धर्म कुठला आला? नवऱ्यांना असंच असतं. यांनी ऑफिसातलं कधी काही सांगितलंय मला? पण ती बायको, काय नाव म्हणालीस?"

"लोरेना. १९६५ साली सबंध अमेरिकेतून वर्षाची आदर्श माता म्हणून तिची निवड झाली होती."

"बघ, घरात पुरस्कार आला तो तिच्या नावानं." काकूंनी सोललेले मटार ओच्यात गोळा केले. "आता मला सांग. तान्ही पोर घरात, प्रोफेसर घरी येतो, असलं बोलून जातो. त्या रात्री नवऱ्याचं तोंड उतरलेलं. आणि बायकोला कळलं नाही?"

"कळलं असेलच की."

"कळलं, आणि तिनं कुणाला सांगितलं नाही?"

"तिनंही पाळला असेल शब्द."

"तिनं कुठं दिला होता?" काकू भिंतीवर वाकल्या, आवाज खाली आणून, जणू मिलिकन समोरच्या पानवाल्याकडे उभा आहे. "अगं, सांगितलं असणार. शेजारच्या बाईला, दुसऱ्याच दिवशी. त्या बाईनं छापून आणलं नाही, इतकंच."